रुपयातले दोन आणे

नानांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कागद आहेत. बाकी पावत्या, अर्जांच्या झेरॉक्स, आधार कार्डं, जुन्या रेशनकार्डाची पानं हा सगळा पसारा सोडला, तर प्रकरण या तीन कागदांतच उभं आहे. नाना उरणकडच्या एका गावचे. मी मूळचा साताऱ्याकडचा, १९९८ पासून नेरूळला राहतो आणि बेलापूरला वकिली करतो. मी राहतो ती इमारत कोणाच्या तरी भातखाचरावर उभी आहे, हे मला इथे येऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर कळलं. तेही अशाच एका पिशवीतून.

पहिला कागद कूळकायद्याच्या कलम ३२ म खालचं प्रमाणपत्र. नानांच्या आजोबांच्या नावाचं. कडा विटलेल्या, घडीवर सेलोटेप. आजोबा कूळ होते, या कागदाने मालक झाले. दुसरा कागद भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस, कलम १२(२) खालची. तिने मालकी गेली. तिसरा साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेतल्या, भूखंडाचा पत्रव्यवहार. भूखंड हातात पडला की नानांचं घराणं भाडेपट्टेदार होईल, मुदत साठ वर्षं. कूळ, मालक, पुन्हा भाडेपट्टेदार. तीन पिढ्यांत चक्र पुरं झालं.

या तिन्ही कागदांच्या काळात एक माणूस सतत होता. दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे दिबा. पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार, दोनदा विधानसभेतले विरोधी पक्षनेते. त्यांच्यावर बोलताना लोक आकडे सांगतात ते हेच. मला त्यांची कारकीर्द या आकड्यांनी मोजावीशी वाटत नाही. मी ती साडेबाराने मोजतो, आणि तो आकडा नेमका कुठून आला, किती उरला आणि कुठे गळला, हा या लेखाचा विषय आहे.

मालक होण्याची तेरा वर्षं

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. वकिली शिकले, पनवेलला बसले, शेतकरी कामगार पक्षात गेले. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात तेव्हा या पक्षाचं, शेकापचं, बळ मोठं होतं आणि त्याला कारण होतं. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरीला १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला होता. नारायण नागू पाटील त्याचे नेते. त्यामुळे 'जमीन कोणाची' हा प्रश्न इथल्या माणसाला कोणी शिकवावा लागला नाही.

१९५७ साली दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दिबा पनवेलमधून पहिल्यांदा निवडून आले. आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, म्हणजे त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. कागदावर एका दिवसात, प्रत्यक्षात पुढची दहा वर्षं. ३२ ग खाली चौकशी व्हायची, किंमत ठरायची, कुळाने ती हप्त्यांनी भरायची, मग ३२ म चं प्रमाणपत्र. नानांच्या पिशवीत शेवटच्या हप्त्याची पावती आहे, १९६८ ची.

ही जमीन कसली होती हे घाटावरच्या माणसाला चटकन समजत नाही, मलाही समजलं नव्हतं. ही खाजणं. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, बांधात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचा दरवाजा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला समुद्र दार लावून घेतो. बांध फुटला तर तीन वर्षं भात नाही. म्हणून बांधाची राखण सगळ्या गावाची. शेजारी मिठागरं, खाडीत जिताडा, पावसाच्या तोंडावर जवळा. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं 'पडीक, दलदलीची जमीन' दिसलं. मुंबईच्या गर्दीवर उतारा म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मांडली. कल्पना म्हणून ती देखणीच होती, हे मी तिथे राहणारा माणूस म्हणून सांगतो. पण नकाशावर मोकळा दिसणारा तो भाग मोकळा नव्हता.

फेब्रुवारी १९७० मध्ये भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सरकारने जाहीर केला. मार्च १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. १९६८ ला शेवटचा हप्ता भरलेल्या माणसाला दोन वर्षांत नोटीस.

एका तारखेचा फास

पुढचं सगळं समजायला एक कायदेशीर खाचखळगा समजणं भाग आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव धरायचा तो कलम ४ च्या अधिसूचनेच्या तारखेचा. ताबा कधी घेतला, निवाडा कधी झाला, याला महत्त्व नाही. म्हणजे अधिसूचना १९७० ची आणि निवाडा १९८० नंतरचा असला, तरी भाव १९७० चा. मधल्या काळात शेजारी शहर उभं राहिलं, रस्ते झाले, भाव वाढले, त्या वाढीतला पैसाही जमीनमालकाला नाही. वर सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम तेव्हा फक्त १५ टक्के. आणि निवाडा अमुक मुदतीत द्या, असं बंधन सरकारवर नव्हतं.

अधिसूचना काढून ठेवायची आणि जमीन लागेल तशी उचलायची, ही सोय कोणत्याही नियोजनकाराला हवीहवीशी वाटेल. मालकाच्या बाजूने तिचा अर्थ असा की जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, घर वाढवलं तर ते अनधिकृत, आणि मोबदला कधी मिळेल ते सांगता येत नाही. नानांचे वडील दहा-बारा वर्षं अशा जमिनीत भात लावत राहिले जी कागदोपत्री जवळजवळ गेलेली होती.

आता विधानसभेत काय चाललं होतं ते पाहू. १९७२ च्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसच्या. शेकापचे अवघे सात. त्या सात जणांच्या जोरावर दिबा विरोधी पक्षनेते झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव ही विरोधकाची सगळी आयुधं त्यांनी वापरली. सभागृहातला त्यांचा दरारा जुनी माणसं अजून सांगतात. पण सात विरुद्ध दोनशे बावीस या हिशेबात कपात सूचनेने कोणाचं एक गुंठा वाचत नाही. शिवाय भूसंपादनाचा मूळ कायदा केंद्राचा. कलम ४ चा फास विधानसभेत बसून सुटणारा नव्हता.

मला वाटतं, दिबांना हे फार लवकर कळलं होतं. म्हणूनच सभागृहातली आणि गावातली भाषा त्यांनी वेगळी ठेवली नाही. गावोगावच्या बैठकांत ते कलमं समजावून सांगायचे. वकील होते आणि वकिली भाषेचं आगरी भाषांतर करायचे, असं नाना सांगतात. अर्ज कसा द्यायचा, हरकत नोंदवूनच मोबदल्याचा चेक घ्यायचा, म्हणजे कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाता येतं. हे साधं वाटतं. पण मी अशी कितीतरी प्रकरणं बघितली आहेत की 'निषेधासह स्वीकारले' हे दोन शब्द लिहायचे राहिले म्हणून एका घराला वाढीव रक्कम नाही आणि बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याला आहे. आमदाराचं काम काय असतं यावर आपल्याकडे गटारं, समाजमंदिरं आणि दशक्रियेची हजेरी एवढंच बोललं जातं. अंगठा उठवण्याआधी कागदावर काय लिहायचं हे सांगणारा आमदार, ही जात आता दुर्मीळ झाली.

१६ आणि १७ जानेवारी

न्हावाशेवा बंदराचं ठरलं आणि उरणच्या बाजूचं संपादन वेगाने सुरू झालं. १९७७ मध्ये दिबा कुलाब्यातून लोकसभेवर जाऊन आले होते, १९८० ला तिथे काँग्रेस जिंकली, दिबा पुन्हा विधानसभेत परतले आणि पुन्हा विरोधी पक्षनेते झाले. १९८३-८४ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मागणी दोन पदरांची होती. मोबदल्याचा भाव वाढवा, आणि घेतलेल्या जमिनीतला साडेबारा टक्के भाग विकसित करून आम्हाला परत द्या.

दुसरी मागणी नीट बघा. ती पैशाची नाही, भागीदारीची आहे. मोबदला कितीही वाढवला तरी तो एकदाच मिळतो. लग्नं होतात, एखादी राजदूत मोटारसायकल येते, आणि पाच वर्षांत माणूस आपल्याच गावात रखवालदार होतो. शहर मात्र वाढत राहतं. त्या वाढीत कायमचा हिस्सा मागणं हे त्या काळातल्या भूसंपादनाच्या चौकटीत बसतच नव्हतं. सरकारी बाजूला ते हट्टासारखं वाटलं असणार.

१६ जानेवारी १९८४ ला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर शेतकरी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, पागोटे-नवघरच्या बाजूला पुन्हा गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच शेतकरी गेले.

नाना तेव्हा बावीस वर्षांचे. ते या दिवसाबद्दल फार बोलत नाहीत, आणि मी वकील असून उलटतपासणी घेत नाही. एकदाच, चहा पिताना, त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईने त्या सकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट कापडात बांधून दिली होती, मोर्चा लांबला तर असावी म्हणून. पळापळीत ते गाठोडं कुठेतरी पडलं. संध्याकाळी घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं, कापड कुठे आहे? मुलगा जिवंत परत आला हे तिला दिसत होतं, पण काय विचारावं हे सुचत नसणार. नानांना त्या दिवसातलं एवढंच सांगावंसं वाटतं.

विरोधी पक्षनेता हे घटनात्मक वजनाचं पद, मंत्र्याचा दर्जा असलेलं. ते पद भूषवलेला माणूस आपल्याच गावाजवळ, आपल्याच भाईबंदांवर गोळ्या झाडल्या जाताना त्यांचा नेता म्हणून उभा होता. माझ्या वाचनात महाराष्ट्राच्या विधिमंडळात याला जोड नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. काँग्रेसने देशात ४०० हून अधिक जागा जिंकल्या. कुलाब्यात मात्र शेकापचे दिबा निवडून आले. जानेवारीत जे झालं त्याचा निकाल डिसेंबरमध्ये मतपेटीत लागला. (जिल्ह्याचं नाव १९८१ पासून रायगड झालं होतं, लोकसभा मतदारसंघ मात्र कुलाबाच राहिला होता.)

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी झाली, तिची आठवण स्मृतिदिनाच्या भाषणांत कोणी काढत नाही. २४ सप्टेंबर १९८४ ला केंद्राने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली. दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली. कलम ४ ची अधिसूचना ते निवाडा या काळासाठी बाजारभावावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम आली. निवाडा दोन वर्षांत झाला नाही तर संपादनच रद्द, हे बंधन आलं. ही दुरुस्ती जासईमुळे झाली असं म्हणणं खोटं ठरेल. तिचं विधेयक १९८२ पासून संसदेत होतं आणि देशभर असे झगडे चालू होते. पण जासईचं दुखणं नेमकं याच तीन कलमांचं होतं.

दोन आण्यांचा हिशेब

६ मार्च १९९० ला शासन निर्णय निघाला. शरद पवार मुख्यमंत्री होते. नवी मुंबईसाठी जमीन दिलेल्यांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यात आणखी तपशील घातले गेले. गोळीबारापासून सहा वर्षं, अधिसूचनेपासून वीस.

नाना याला 'दोन आने' म्हणतात. सोळा आण्यांचा रुपया, त्याचा आठवा भाग. "वकीलसायेब, चवदा आने त्यांचे, दोन आने आमचे. दिबा होते म्हनून दोन तरी गावले."

आता हे दोन आणे हातात किती पडतात ते पाहू. समजा एक एकर गेली, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. साडेबारा टक्क्यांनी होतात ५०६. पण त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी, म्हणजे शाळा, मैदान, बाजार वगैरेंसाठी कापून घेतले जातात. हातात येतात ३५४ चौरस मीटर. टक्क्यात सांगायचं तर पावणेनऊ. म्हणजे दोन आण्यांचे दीड आणाही नाही, त्याहून थोडं कमीच. या भूखंडावर चटईक्षेत्र दीड, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, त्यातलं १५ टक्के दुकानांसाठी वापरता येतं. ही जमेची बाजू, आणि ती लहान नाही. ज्याला हे वेळेत आणि एकहाती मिळालं त्याचं घराणं उभं राहिलं. घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, कामोठे, कळंबोलीला चार-चार मजल्यांच्या ज्या इमारतींना आजीचं नाव, कुलदेवीचं नाव किंवा नुसतं 'आई-बाबांचा आशीर्वाद' आहे, त्यातल्या कितीतरी याच योजनेतल्या. भूमिपुत्राला देशोधडीला लावलं हे वाक्य नवी मुंबईपुरतं सरसकट खरं नाही, आणि ते खरं नसण्याचं श्रेय १९८४ ला आहे.

आता गळती. पहिली गळती वारसांची. जमीन आजोबांच्या नावावर गेली, भूखंड नातवंडांच्या काळात आला. नानांच्या प्रकरणात आज वारस अकरा. ३५४ भागिले ११, म्हणजे प्रत्येकी ३२ चौरस मीटर. एका खोलीचं घर. त्यासाठी कोर्टातून वारस दाखला, त्यासाठी अकरा जणांच्या सह्या, त्यांतल्या दोन आत्या लग्न होऊन अलिबागला आणि एक चुलतभाऊ ज्याच्याशी गणपतीतही बोलणं नाही. वीस वर्षांचा उशीर वाटाघाटीच्या टेबलावर फक्त व्याजाचा प्रश्न वाटतो. खरं नुकसान व्याजात होत नाही, ते माणसांच्या वाढलेल्या संख्येत होतं.

दुसरी गळती दलालाची. इरादापत्र, म्हणजे भूखंड देण्याबद्दलचं सिडकोचं पत्र, येण्याच्या आधीच कोणीतरी लग्नाच्या खर्चाला दोन-चार लाख देऊन कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. मग त्रिपक्षीय करार होतो आणि तिसऱ्या पक्षाची इमारत उभी राहते. माझ्याकडे आलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत अशा तीन वेगवेगळ्या माणसांना एकाच भूखंडाबद्दल दिलेली कुलमुखत्यारपत्रं होती. तिला तिन्ही 'फॉर्म' वाटले होते. त्या फायलीसाठी मी ज्या कार्यालयात खेटे घातले तिथल्या टेबलावरच्या माणसाने मला सल्ला दिला की, साहेब, तुम्ही यात पडू नका, तिघंही ओळखीचे आहेत.

तिसरी गळती मला सर्वांत मोठी वाटते आणि तिच्याबद्दल दिबांच्या चळवळीलाही थोडा जाब विचारायला हवा. साडेबाराचा आधार सातबारा. ज्याचा सातबारा, त्याचा टक्का. पण खाडीवर जगणाऱ्या कोळ्याचा सातबारा पाण्यावर कोण लिहिणार? न्हावाशेवा बंदर १९८९ च्या मे महिन्यात सुरू झालं, भराव पडले, मासेमारीच्या जागा गेल्या. पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादात दावा लावला आणि पुण्याच्या खंडपीठाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटींहून अधिक भरपाईचा आदेश दिला. बंदर सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी, तेही आदेश. शेकाप शेतकऱ्यांचा पक्ष होता, त्याची नजर बांधापर्यंत पोचायची. बांधापलीकडच्या पाण्यावर ती तेवढी गेली नाही, असं माझं मत आहे. उरणमध्ये हे बोललं की लोक रागावतात. रागावोत.

आणि चौथी गोष्ट, जिला गळती म्हणावं की गाठ ते मला ठरवता येत नाही. गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबं वाढली. भूखंड येईपर्यंत माणसं थांबणार कुठे? त्यांनी गावठाणालगतच्या, स्वतःच्याच पण संपादित झालेल्या जमिनीवर घरं बांधली. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करण्याचे शासन निर्णय निघत राहतात, सुधारत राहतात, आणि प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर त्यांचे फलक लागतात. साडेबारा टक्के हा कायदा झाला असता तर कदाचित इतके फाटे फुटले नसते. तो शासन निर्णय राहिला. शासन निर्णय एका परिपत्रकाने वळतो. खासदार म्हणून दिल्लीत असताना दिबांनी याला कायद्याचं रूप द्यायला जास्त जोर लावायला हवा होता का? लोकसभेत शेकापचं बळ पाहता उत्तर बहुधा 'त्याने काही झालं नसतं' असंच येतं. तरी मी तो प्रश्न खोडत नाही.

मतदार कुठे गेले

१९८९ आणि १९९१ ला कुलाब्यातून बॅ. अंतुले जिंकले. दिबांचं संसदीय राजकारण तिथून उतरणीला लागलं. उतारवयात त्यांनी आयुष्यभराचा शेकाप सोडला आणि ते शिवसेनेत गेले. जुन्या कार्यकर्त्यांना ते लागलं. नाना अजूनही त्या विषयावर फक्त "हां, गेले होते" एवढंच म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.

कारणं पक्षीय आहेत, व्यक्तिगतही असतील. पण एक कारण सरळ नकाशात दिसतं. १९९२ पासून नवी मुंबई महापालिका, २०१६ मध्ये पनवेल महापालिका. पनवेल आज राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक आहे, आणि त्यातला बहुसंख्य मतदार खारघर, कामोठे, कळंबोलीच्या सोसायट्यांत राहतो. माझ्यासारखा. त्याला पाण्याचं प्रेशर, मालमत्ता कर आणि लोकलची वारंवारता हे प्रश्न आहेत. 'निवाडा' म्हटलं की त्याला टीव्हीवरचं कोर्ट आठवतं. ज्या शहरात हिस्सा मिळवण्यासाठी दिबा झगडले, त्या शहराने त्यांचा मतदारच अल्पसंख्य करून टाकला. ग्रामीण आमदाराची कारकीर्द पराभवाने संपते, वयाने संपते, तिकिटाने संपते. इथे गावंच शहरात विरघळली.

२४ जून २०१३ ला दिबा गेले. शेवटच्या वर्षांत ते नवी मुंबई विमानतळासाठी जमीन जाणाऱ्या दहा गावांच्या बैठकांना जात होते. त्यांच्यासाठीचं साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज त्यांच्या मृत्यूनंतर ठरलं, शासन निर्णय २०१४ चा. साडेबाराचे साडेबावीस झाले. पण त्या बोलणीची सुरुवातच साडेबाराच्या पुढून झाली, हे माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचं सर्वांत ठोस मोजमाप आहे. १९८४ ला जो हट्ट होता तो २०१३ ला वाटाघाटीचा तळ होता.

मग नावाचा वाद. एप्रिल २०२१ मध्ये विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा ठराव पुढे आला. १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव. त्या दिवशी मी पाम बीच रस्त्यावर दोन तास अडकलो होतो. पुढच्या गाडीतला एक गृहस्थ उतरून मला म्हणाला, "हे दिबा पाटील म्हणजे नक्की कोण हो?" गाडीवर स्टिकर खारघरच्या सोसायटीचा. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने आपल्या शेवटच्या बैठकीत दिबांच्या नावाला मंजुरी दिली, त्याच रात्री ठाकरेंनी राजीनामा दिला. शिंदे सरकारने जुलैत तोच निर्णय पुन्हा घेतला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात ठराव झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं.

नावाच्या वादात माझा जीव फारसा रमत नाही. नानांचा रमतो. ते मानवी साखळीत उभे होते, घेरावातही होते. त्यांच्या मोबाइलच्या कव्हरमागे दिबांचा छोटा फोटो आहे, काळी जाड चौकट असलेला, कुठल्यातरी स्मृतिदिनाच्या पत्रिकेतून कापलेला.

वारस दाखल्याच्या अर्जात मागच्या महिन्यात अखेर दोन्ही आत्यांनी सह्या केल्या. बोलणं नसलेला चुलतभाऊ राहिला आहे, त्याला नोटीस गेली. पुढच्या तारखेसाठी मी मोबाइलवर कोर्टाचा बोर्ड बघितला आणि नानांना सांगितलं, जानेवारीतली आहे, सतरा. त्यांनी पिशवीची गाठ बांधता बांधता मान हलवली.

"सतराला नाय जमायचा. पागोट्याला जायचाय. दुसरी कंची पन मागा."

मी मुदतवाढीचा अर्ज टाइप करायला घेतला.